पिशवी पालथी करणारे डॉक्टर

लातूर जिल्ह्यात आजवर कुणी जी जी गोळी गिळली असेल, त्या प्रत्येक गोळीवर आमच्या डॉक्टरांचा संशय होता. मग ती गोळी मोठ्या दवाखान्यातली असो, बाजारात बसणाऱ्या वैदूची असो, नाहीतर शेजारणीनं पदराची गाठ सोडून 'माझ्या गुडघ्याला लागू पडली, घे तू पण' म्हणून दिलेली असो. माणूस दवाखान्यात येतो तो रोगामुळं येतो, असं बाकीचे डॉक्टर धरून चालत. आमचे डॉक्टर आधी असं धरून चालत की हा माणूस औषधामुळं आलेला आहे; रोग असलाच तर तो मागाहून बघू. लातुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी मेडिसिनच्या वॉर्डाची सिस्टर होते आणि ते तिथले फिजिशियन. जवळजवळ अठरा वर्षं मी त्यांच्या मागून ट्रॉली ढकलली. त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण ते त्यांना आवडलं नसतं. तसंही गावात त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. सगळे त्यांना 'पिशवीवाले डॉक्टर' म्हणत.

उंच, पाठीत थोडे वाकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि चालताना नेहमी भिंतीच्या कडेनं, जणू मधला रस्ता दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवला आहे. नवीन पेशंट आला की नाडी नाही, जीभ नाही, पहिला प्रश्न एकच : "पिशवी आणली का?" घरात असतील नसतील तेवढी औषधं पिशवीत घालून आणायची, हा त्यांचा कायदा होता. नसेल आणली तर नातेवाइकाला एस.टी.नं परत गावी पाठवायचे. पिशवी आली की पलंगावर पांढरी चादर अंथरायची आणि ती तिच्यावर पालथी करायची. त्यातून काय काय निघे! अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, नावं पुसलेल्या बाटल्या, चूर्णाच्या पुड्या, मशेरीची डबी, एकदा तर बैलाच्या खांद्याला लावायचं मलम. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून, बायका तुरीची डाळ निवडतात तसे ते सगळं निवडत बसत. अर्धा तास, पाऊण तास. पेशंट कण्हत असला तरी त्याला सांगत, "थांबा हो, तुमचंच चाललंय."

रेणापूरचे एक आडत दुकानदार मला आठवतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची करंडी, भारदस्त माणूस. उभं राहिलं की चक्कर येऊन पडायचे. चार डॉक्टर झाले होते आणि त्या चौघांची मिळून अकरा औषधं चालू होती. आमच्या डॉक्टरांनी पिशवी निवडली तेव्हा त्यात ब्लडप्रेशरची एकच गोळी तीन वेगवेगळ्या नावांनी निघाली. शेटजी तिन्ही इमानदारीत घेत होते. डॉक्टरांनी नऊ औषधं बंद केली आणि दुसरं काहीही केलं नाही. पाचव्या दिवशी शेटजी वॉर्डातून ताठ चालत बाहेर निघाले, पण चेहरा नाराज. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, येताना अकरा औषधं व्हती, जाताना दोन. गावात लोक इचारतील, डॉक्टरनं काय केलं म्हणून. काय सांगू?" डॉक्टरांनी मागून ऐकलं. म्हणाले, "सांगा, काढून घेतली." शेटजी पुन्हा कधी आले नाहीत. आमच्याकडं बरे झालेले लोक सहसा पुन्हा येत नसत. त्यांना वाटे, इथं काही दिलंच नाही.

प्रश्न विचारण्याचाही त्यांना असाच सोस. देवणीकडचा एक शेतकरी चार महिने तापानं झिजत होता. कुणी टायफॉइड म्हणालं, कुणी टीबीची औषधं चालू केली, तरी ताप हटेना. हा माणूस आपणहून एक शब्द बोलत नसे. डॉक्टर त्याच्या उशाशी स्टूल घेऊन बसले आणि शेत, विहीर, कोंबड्या, भावकी असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "गाय आहे?"

"हाय."

"कधी गाभडली का?"

तो माणूस एकदम उठून बसला. डोळ्यांत पाणी. "हाव साहेब, दोनदा गाभडली. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वार कुणी ओढून काढली?"

"मीच की. हातानं."

गाईचा गर्भ दोनदा पडला होता आणि ताप तिच्याकडूनच आला होता. जनावराच्या रोगाचा ताप माणसाला येतो, हे मी नर्सिंगच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेलं. पलंगावर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. रक्त तपासलं, औषध बदललं, ताप उतरला. त्याची बायको मात्र जाताना म्हणाली, "आमच्या मानसाला इचारलं न्हाई तेवढं गाईला इचारलं की वो." पुढच्या रविवारी डॉक्टर एस.टी.नं देवणीला जाऊन ती गाय बघून आले. सोमवारी राउंडला मला हळूच म्हणाले, "सिस्टर, गाय फार देखणी आहे. काळेपांढरे ठिपके, आणि स्वभावानं गरीब." अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी कुणाच्या रूपाची तारीफ ऐकली ती ही एवढीच.

लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "राहून गेलं." एका खोलीत राहायचे आणि जेवायला एका खानावळीत जायचे. त्या वर्षांत लातूर नुसतं शिकवण्यांनी फुगलं होतं. ज्या गल्लीत आधी पिठाची गिरणी आणि दोन सायकलीची दुकानं होती, तिथं प्रत्येक खांबावर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लटकू लागलं; प्रत्येक घराच्या गच्चीवर पत्रे ठोकून खोल्या निघाल्या, आणि सगळ्या मराठवाड्यातून पोरं-पोरी डॉक्टर व्हायला येऊ लागली. त्या खानावळीतही हीच पोरं. डॉक्टर कोपऱ्यातल्या टेबलावर एकटे बसत आणि जेवता जेवता समोरच्याचं निदान करत. "नखं पांढरी दिसतात तुझी, रक्त तपास." "डोकं दुखतं म्हणून रोज गोळी घेतोस ना? बंद कर, गोळीनंच दुखतंय." पोरं दोन दिवसांत टेबल बदलत. शेवटी खानावळवाल्या मावशींनी हात जोडले, "डॉक्टरसाहेब, लेकरांना जेवू द्या वो. नखं नका बघू." तेव्हापासून ते भिंतीकडं तोंड करून जेवू लागले. हे मला मावशींनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांनाच वाईट वाटत होतं.

एकदा तर सगळ्या दवाखान्यात आनंदी आनंद झाला. आमच्या वॉर्डातल्या आयाबाईनं डॉक्टरांना गंजगोलाईतल्या बांगड्यांच्या दुकानात नेलपॉलिश घेताना पाहिलं. लाल, गडद लाल, चार बाटल्या. दुकानदाराला त्यांनी विचारलं म्हणे, "हे लवकर निघत तर नाही ना?" दुपारपर्यंत ही बातमी एक्सरेपासून स्वयंपाकघरापर्यंत पोचली. पन्नाशीला आलेला माणूस, पण काय झालं? कोण असेल, शाळामास्तरीण असेल, विधवा असेल, आपल्यातलीच कुणी असेल, असे अंदाज बांधून झाले. खरं सांगते, मलाही बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्या बाटल्या घेऊन वॉर्डात आले, औषधाचं कपाट उघडायला लावलं आणि पोटॅशियमच्या इंजेक्शनची प्रत्येक बाटली काढून तिच्या मानेला लाल पट्टा ओढत बसले. ही बाटली दिसायला साध्या पाण्याच्या बाटलीसारखीच, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या. घाईत हात चुकला तर माणूस जागच्या जागी जातो. पट्टे ओढून झाल्यावर त्यांनी फुंकर घालून ते वाळवले. आयाबाई माझ्या कानाशी म्हणाली, "आगं बया, बाटल्यांसाठी व्हय." सगळे हसले. मी हसले नाही, कारण ते पट्टे कुठून आले हे मला माहीत होतं.

त्याआधी भूकंप झाला होता; त्या सकाळपासून आमच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, मिळेल त्यातून माणसं येत होती आणि मिळेल तिथं आम्ही त्यांना निजवत होतो. त्यात एक तिशीतली बाई होती. तिच्या दोन्ही पायांवर दगडी भिंत पडली होती, पण जखमा फारशा नव्हत्या. पाय नुसते सुजलेले. ती चांगली बोलत होती. पाणी मागितलं, मग कंगवा मागितला. केसांत सगळी माती होती. मी तिच्या मागं बसून केस विंचरले. घरात कोण कोण होतं ते ती सांगत होती. त्यातलं कोण उरलं होतं ते तिला माहीत नव्हतं आणि मलाही. डॉक्टर पंचवीस जणांना बघत बघत आले, तिची जीभ पाहिली, म्हणाले, "कोरडी पडलीये. हिलाही तेच सलाईन लावा." मी लावलं. दुपारी ती धाकट्या जावेचं काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता थांबली. मला वाटलं, रडू आलं असेल. पुढं येऊन पाहिलं तर ती गेलेली होती.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला जिन्याखाली गाठलं. हातात एक जाड पुस्तक होतं, बोट घालून धरलेलं. "सिस्टर, ती कंगवा मागणारी बाई. ती किती वेळ दबलेली होती?"

"पहाटेपासून. दहाच्या सुमाराला काढलं म्हणत होती."

त्यांनी बोट घातलेलं पान उघडलं. मग म्हणाले, "मांस दबून राहिलं की मरतं. दगड उचलला की त्यातलं पोटॅशियम रक्तात शिरतं आणि हृदय थांबवतं. वरून माणूस बोलत असतो, हसत असतो. आणि मी तिला जे सलाईन दिलं, त्यात आणखी पोटॅशियम होतं."

"साहेब, त्या दिवशी कुणाला कळत होतं? ती तशीही गेली असती."

"कदाचित. पण 'बाई, किती वेळ दबला होता' हे विचारायला किती वेळ लागतो? मी विचारलं नाही."

त्यानंतर ढिगाऱ्यातून आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते विचारलं. लघवी चहाच्या रंगाची दिसली की त्या माणसाशेजारी ठाण मांडून बसले, सलाईन बदललं, मूत्रपिंडाला घातक अशी दुखण्याची इंजेक्शनं देऊ दिली नाहीत; दुसरी हलकी औषधं दिली, ती पुरत नसत. "माझा बाप वरडायलाय अन् तुम्ही सुई देईनात!" म्हणून एकानं त्यांची कॉलर धरली. तो बाप वाचला. पण डॉक्टरांच्या मनात शिल्लक राहिली ती बाईच. दवाखान्याच्या बैठकीत उभं राहून त्यांनी सांगितलं की ही चूक माझी. विश्वस्त म्हणाले, असलं काही कागदावर आणू नका. त्यांनी तिच्या केसपेपरवर शाळेतल्या पोरासारख्या सुट्या सुट्या अक्षरांत सगळं लिहिलं आणि खाली सही केली. त्या दिवसापासून बाकीचे डॉक्टर चहाला बसताना त्यांना हाक मारेनासे झाले. कुणी वाईट बोललं नाही. फक्त खुर्ची ओढून दिली नाही.

आता माझ्या घरचं सांगते. माझा भाऊ अहमदपूरला शाळेत मास्तर. त्याची मुलगी वैशाली दहावीला तालुक्यात पहिली आली आणि रीतीप्रमाणं लातूरला, शिकवणीला, मुलींच्या होस्टेलात. बारावीच्या वर्षी तिनं नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या चहावर काढले. देवीला नवस, चांगले मार्क पडू दे. नवव्या दिवशी पोटात दुखू लागलं ते असं, की पोरगी जमिनीवर लोळायची. एका दवाखान्यात अपेंडिक्स म्हणून ऑपरेशन झालं. अपेंडिक्स चांगलंच निघालं आणि दुखणं होतं तिथंच राहिलं. झोप उडाली, भलतंच बोलू लागली, मग झटका आला. झटक्याचं औषध सुरू केलं तर ती आणखी बिघडली. हातापायातला जोर गेला. होस्टेलची बाई म्हणाली, "अभ्यासाचा धसका घेतलाय." एक डॉक्टर तर भावाच्या तोंडावर म्हणाला, नाटक करतेय. भाऊ तिला उचलून आमच्या वॉर्डात घेऊन आला.

डॉक्टरांनी पिशवी पालथी केली, निवडली, आणि मग प्रश्न सुरू झाले. त्यातला एक असा, "घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं? पोटदुखी, भ्रम, असं काही?"

भाऊ म्हणाला, "न्हाई साहेब. आमच्यात असं कुणालाच न्हाई."

मी तापाचा तक्ता हातात घेऊन तिथंच उभी होते. मीही गप्प राहिले.

आम्हाला एक थोरली बहीण होती. लग्न होऊन गेली आणि वर्षभरात सासरच्यांनी परत आणून टाकली, म्हणाले वेड लागलंय. पोटात दुखतंय म्हणून ओरडायची, रात्रंदिवस झोपायची नाही, भिंतीशी बोलायची. माझ्या आईनं तिला दर्ग्याला नेलं, मठात नेलं, अंगारे झाले, उपास झाले. शेवटी शेवटी तिला गोठ्याच्या खोलीत ठेवली होती. मी दहा वर्षांची होते. ती गेल्यावर घरात तिचं नाव काढायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी काढलं नाही. मास्तरच्या घरात, मुलीच्या लग्नाच्या वयात, वेडी बहीण कोण सांगणार? मी सिस्टर झाले, शेकडो लोकांचे इतिहास लिहून घेतले, आणि माझ्या स्वतःच्या भाचीच्या उशाशी उभं राहून दोन दिवस तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैशालीला हात उचलता येईना आणि श्वास वरवर चालू लागला. मी डॉक्टरांना चादरींच्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता मला एक जुनी गोष्ट आठवली, जिचा काही उपयोग असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "साहेब, आई तिची अंथरुणं वेगळी धुवायची. लघवीनं भिजलेली चादर उचलताना पिवळीच असायची, पण उन्हात पडून राहिली की डाग तांबडे व्हायचे. काळपट तांबडे. आई म्हणायची, कुणीतरी करणी केलीये."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सिस्टर," ते म्हणाले, "हे तुम्ही मला परवा का नाही सांगितलं?" अठरा वर्षांत ते मला रागावले ते इतकंच. आणि पुढच्याच क्षणाला ते धावत सुटले. भिंतीच्या कडेनं नाही, मधून.

वैशालीची लघवी त्यांनी काचेच्या बाटलीत घेतली आणि खिडकीत, उन्हात ठेवली. तिचं झटक्याचं औषध आणि आणखी दोन औषधं त्या क्षणी बंद करून साखरेचं सलाईन जोरात सुरू केलं. माझा भाऊ कळवळून म्हणाला, "साहेब, लेकरू मरायलंय अन् तुम्ही साखर द्यायलेत?" डॉक्टर म्हणाले, "मास्तर, नऊ दिवस उपाशी राहून हे पेटलं आणि औषधांनी वाढलं. साखरेनं विझेल असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकला तर तुम्ही मला काहीही म्हणा." आणि मग तो मोठा माणूस खिडकीशी स्टूल टाकून बाटलीची राखण करत बसला. झाडूवाली ती बाटली फेकायला उचलत होती, तिच्यावर ओरडले. विश्वस्तांचा निरोप आला, गेले नाहीत. अकरा वाजले, बारा वाजले, जेवणाची वेळ टळली. मी दर वेळी ट्रॉली घेऊन तिकडूनच जात होते. तिसऱ्या प्रहरी त्यांनी मला हात केला. बाटलीतलं पाणी जांभळं चुरगळल्यासारखं झालं होतं. मी ते पाहिलं आणि मला आमच्या अंगणातली वलणी दिसली, वलणीवरची चादर दिसली, चादरीशी उभी असलेली आई दिसली.

पोर्फिरिया म्हणतात त्या आजाराला. रक्तातून पिढीजात येतो, बहुतेकांमध्ये जन्मभर झोपून राहतो, एखाद्यात उपासानं, काही औषधांनी जागा होतो. पुढं मुंबईहून तपासणीचा कागद आला त्यातही तेच निघालं. माझंही रक्त पाठवलं होतं. माझ्यातही तो आहे, झोपलेला. वैशाली पाचव्या दिवशी शांत झोपली. हातापायात जोर यायला तीन महिने लागले. परीक्षा बुडाली ती बुडालीच. डॉक्टरांनी तिला कुठली औषधं कधीच द्यायची नाहीत याची यादी लिहून दिली आणि माझ्या भावाला तिच्या दोन-दोन नकला करायला लावल्या. पण मला त्या सगळ्यातलं आठवतं ते वेगळंच. केसपेपर पुरा करताना ते थांबले आणि मला म्हणाले, "तुमच्या बहिणीचं नाव काय होतं?"

किती वर्षांनी ते नाव माझ्या तोंडून निघालं. "शकुंतला."

त्यांनी आपल्या त्या सुट्या अक्षरांत लिहिलं, 'आत्या, शकुंतला. मृत्यू याच आजाराने.' मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर?" मी मान हलवली. माझी बहीण त्या दिवशी शहाणी ठरली. भावाला ते वाचून दाखवलं तेव्हा तो दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

असा माणूस गावानं डोक्यावर घ्यायला हवा होता, असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. आमच्या दवाखान्याची नवी इमारत झाली, लिफ्ट आली, आणि विश्वस्तांनी हिशेब मांडला की बाकीचे डॉक्टर सकाळी साठ पेशंट बघतात आणि हे अकरा. कुणी जा म्हणालं नाही. त्यांना खोली तेवढी दिली, जिन्यामागची, जिथं पेशंट वाट चुकूनच यावा. वर्षभरानं त्यांनी स्वतःच राजीनाम्याचा कागद लिहून दिला आणि नांदेडला, आपल्या भावाच्या घरी गेले. ज्या दिवशी गेले त्या दिवशी गावात गुणवंत पोरांची मिरवणूक होती, रस्ते बंद होते, आणि मी ड्युटीवर अडकले होते. निरोप द्यायचा राहूनच गेला.

पुढं मीही निवृत्त होऊन अहमदपूरला येऊन राहिले. वैशाली डॉक्टर झाली नाही, शाळेत शिकवते. तिचं बाळंतपण सुखरूप झालं, तेव्हा वाटलं, ही बातमी आपण स्वतः जाऊन सांगावी. सकाळच्या गाडीनं नांदेडला गेले. त्यांच्या भावाचं कुटुंब मुलांकडं पुण्याला गेलं होतं आणि खालचा सगळा मजला एका शिकवणीच्या क्लासला दिला होता. वर डॉक्टर एकटे. खालून फळ्यावर खडू आपटल्याचा, शंभर पोरांनी एकदम उत्तर दिल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "साहेब, त्रास होत असेल." म्हणाले, "छे. घरात माणसं असल्यासारखं वाटतं. रविवारी सुट्टी असते, तेव्हा जरा..." आणि वाक्य तसंच सोडून स्वयंपाकघरात गेले. वरणभात त्यांनी स्वतः केला. मुलगी झाली हे ऐकून फार खूश झाले. तिचं नाव शकुंतला ठेवलंय हे सांगितल्यावर खिडकीकडं बघत राहिले. मग वरणात मीठ कमी आहे का विचारलं. कमी होतं, पण मी नाही म्हटलं.

दुपारी मला सोडायला स्टँडवर आले. आम्ही दोघंही बोलण्यात कच्चे. इतकी वर्षं आमचं सगळं बोलणं पेशंटवरून झालेलं, आणि आता पेशंट नव्हता. अहमदपूरची गाडी लागली. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. ते खाली उभे होते, एका हातानं खिडकीचा गज धरून. कंडक्टरनं घंटी मारली तरी हात काढला नाही. म्हणाले, "सिस्टर, पुढची गाडी कधी असते?"

कंडक्टरनंच उत्तर दिलं, "दीड तासानं हाय, काका. का बरं?"

"नाही, सहज."

मी पिशवी उचलली आणि गाडीतून उतरले. कंडक्टर काहीतरी पुटपुटला आणि गाडी निघून गेली. आम्ही स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसलो. डॉक्टरांनी दोन चहा सांगितले. दीड तास आम्ही काय बोललो ते मला आता आठवत नाही. बहुतेक फार काही बोललोच नाही. ऊन बाकावरून हळूहळू सरकत गेलं, आणि मधेच एकदा ते म्हणाले, "बरं वाटलं."